चौगुल्यांच्या भिंतीतला माझा जोड

कसबा बावड्यात उसाचं गाळप सुरू झालं की माझा फोन वाजायला लागायचा. काठोकाठ भरलेली ट्रॉली रस्त्यानं चालली की वरचा ऊस आमच्या केबलला अडकायचा आणि केबल ट्रॅक्टरमागोमाग कारखान्याकडं निघायची. अर्ध्या गल्लीचे टीव्ही बंद! एकदा एक शेतकरी तुटलेल्या केबलचं वेटोळं खांद्यावर टाकून स्वतःच माझ्या दारात आला. "नदाफमामा, तुमची वायर आमच्या ट्रॉलीवर बसून आली व्हती. घ्या की," म्हणाला. माझीच शेळी त्याच्या रानात शिरली होती आणि तो ती परत आणून देत होता, असा त्याचा सूर.

पेठ वडगावात एका घरी दर सोमवारी चित्र थरथरायचं. चार सोमवार मी मीटर घेऊन गेलो, सगळं ठीक. पाचव्या सोमवारी सकाळी लवकर गेलो तर घरातल्या वहिनी गच्चीवरच्या केबलवर ओल्या सतरंज्या वाळत घालत होत्या. मी सांगितलं तर म्हणाल्या, "मग जरा जाड वायर टाकायची की वो!"

असे किस्से पुष्कळ आहेत. पण केबलच्या धंद्यात इतकी वर्षं काढून मी घरी बसलो, त्यानंतर झालेली एक गोष्ट मला मुद्दाम लिहायची आहे. ती गेल्या गाळप हंगामातली आहे, आणि तिच्यात माझीच एक चूक आहे.

आमचं काम बाहेरच्या माणसाला दिसत नाही. दिसतो तो टीव्ही. त्याच्या मागून निघालेली तार भिंतीत शिरते आणि पुढं ती कुठं जाते हे घरमालकालाही ठाऊक नसतं. ही तार म्हणजे मध्ये तांब्याची एकच काडी, तिच्याभोवती पांढरा मऊ थर, त्यावर बारीक जाळी आणि सगळ्यावर काळी कातडी. काडी काम करते, जाळी बाहेरचा गोंगाट आत येऊ देत नाही. या तारेला जोड द्यायचा तर पितळी टोकं बसवून, आट्यांनी घट्ट आवळून द्यायचा, आणि तोही भिंतीतल्या उघडता येणाऱ्या डबीत. भिंतीत पुरलेल्या पाइपाच्या आत जोड कधीही द्यायचा नाही. आमच्या धंद्यात हा पहिला नियम.

मी काम सोडून दोन वर्षं झाली होती. एका मंगळवारी दुपारी फोनवर एक लांबलचक संदेश आला. शुद्ध भाषा, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळे जागच्या जागी. खाली नाव होतं, दत्तात्रय चौगुले. वाचताच माणूस डोळ्यांसमोर आला. बावड्यातल्या एका तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. ते आणि त्यांच्या पत्नी शालनताई, दोघंही जन्मापासून कर्णबधिर. चौगुले छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. यंत्रांच्या धडधडीत बाकीचे कामगार वैतागायचे, हे शांतपणे काम करायचे. ती इमारत बांधली जात असताना तिच्यातल्या सगळ्या केबली मी टाकल्या होत्या.

संदेश असा होता: शालनताई घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. दम्यामुळं डॉक्टरांनी शस्त्रक्रिया टाळली आणि पायाला वजन लावून त्यांना पलंगावर झोपवून ठेवलं. पलंग आतल्या खोलीत, आणि तो जागचा हलवायचा नाही. मुलगी सुजाता पुण्यात. तिच्या पोटात गाठ निघाली आहे, गुरुवारी सकाळी शस्त्रक्रिया. इंटरनेट बाहेरच्या खोलीत उत्तम चालतं, आतल्या खोलीत पोचत नाही, मोबाइलचा सिग्नलही तिथं कमीच. शेवटचं वाक्य होतं, "भिंतीतल्या तारा तुम्ही टाकल्या होत्या, म्हणून तुम्हाला लिहीत आहे."

मी संदेश बायकोला वाचून दाखवला. जुबेदा म्हणाली, "मग बसलाय काय? उठा की."

"अगं, फोनवर लिहून बोलता येतंच की त्यांना मुलीशी," मी म्हणालो.

"आईला लेकीचं तोंड बघायचं नसतंय व्हय?"

तासाभरात मी चौगुल्यांच्या दारात होतो. दार उघडलं आक्काताईंनी. या वरच्या मजल्यावर राहतात, दिवसातून चार वेळा खाली येऊन शालनताईंचं सगळं बघतात. आवाज असा की खालच्या रस्त्यावरही ऐकू जावा.

"आलासा? बरं झालं. नदाफमामा, तुमच्यानं व्हतंय का न्हाय ते आधी सांगा. ह्या बाईनं कालपास्नं जेवण सोडलंय."

चौगुले पुढं आले, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि वही काढली. त्यांच्याशी सगळं बोलणं वहीतून. जेवण का सोडलं, असं मी लिहून विचारलं. त्यांनी लिहिलं, "सुजाता रोज लिहिते की गाठ साधी आहे, काळजी करू नका. हिचा विश्वास बसत नाही. लिहिलेलं कुणीही लिहू शकतं, जावईसुद्धा. मुलीचे हात पाहिल्याशिवाय ही मानणार नाही."

मुलीला ऐकू येतं, बोलताही येतं. पण आईबापांशी ती लहानपणापासून हातांनीच बोलत आली. आपण फोनवर आवाजावरून ओळखतो ना, की पलीकडचा माणूस खोटं हसतोय? हे दोघं ते हातांवरून ओळखतात. आतल्या खोलीत फोनवर चित्र यायचं, पण दर दोन क्षणांनी थिजायचं. बोलता बोलता कुणीतरी तोंडावर हात ठेवावा, तसं. आदल्या दिवशी सुजाता काहीतरी सांगत असताना तिचे हात छातीशीच थांबले ते तसेच. शालनताई पडद्याला हात लावून पडून राहिल्या होत्या.

इंटरनेट देणाऱ्या कंपनीची माणसं दोनदा येऊन गेली होती. पहिल्यांदा त्यांनी मधल्या बोळात लहरी पुढं ढकलणारा एक डबा लावला. मध्ये काँक्रीटचा खांब आणि न्हाणीघराच्या फरशा, तिथंच लहरी मरत होत्या. दुसऱ्यांदा जमिनीवरून तार टाकली. दुसऱ्याच दिवशी चौगुले हातात गरम पाणी घेऊन जाताना तारेत पाय अडकून पडता पडता वाचले, आणि तारेचं टोकही तुटलं. त्यांनी वहीत लिहिलं, "मी पडलो तर हिला कोण?" भिंतीवर खिळे मारत तार न्यावी म्हणून एक खिळा मारून पाहिला तर बशीएवढा गिलावा निघाला. भोक पाडायचं तर धूळ, आणि आत दम्याचं माणूस हलता न येण्याजोगं पडलेलं. बाहेरून फिरवावी तर त्या खोलीच्या खिडकीपुढं दोन हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत. जाताना कंपनीचा माणूस आक्काताईंना म्हणाला होता, "भिंत फोडल्याशिवाय जमत न्हाय, मावशी."

मी मात्र मनातून खूश होतो. कारण बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत जाणारी एक तार भिंतीत आधीच होती. माझीच. टीव्ही आता इंटरनेटवर चालतो, त्यामुळं ती जुनी केबल कित्येक महिने रिकामी पडली होती. आणि अशा केबलीवरून इंटरनेट नेता येतं, हे फार जणांना माहीत नसतं. त्यासाठी दोन लहान डब्या मिळतात. एक बाहेर लावायची, ती इंटरनेट केबलीत सोडते. दुसरी आत लावायची, ती ते केबलीतून काढून घेते आणि खोलीत पसरवते. भोक नाही, धूळ नाही, पायात तार नाही.

मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, "उद्या संध्याकाळपर्यंत होईल." लिहायला नको होतं. पण लिहिलं.

बुधवारी सकाळी शाहूपुरीत ओळखीच्या दुकानदाराकडं त्या डब्या मिळाल्या. दुकानातून थेट बावड्याला गेलो. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीमागचं बोर्ड उघडलं. आत एका तारेच्या दोन तारा करणारी जुनी पत्र्याची डबी होती, गंज खाल्लेली. ती काढली, नवी टोकं बसवली. आतल्या खोलीत पाऊल न वाजवता जायची सवय म्हणून हळूच गेलो आणि माझं मलाच हसू आलं. शालनताई टक्क जाग्या होत्या, माझ्याकडंच बघत होत्या. पलंगाच्या पायथ्याकडच्या भिंतीवर त्यांचा टीव्ही. त्याच्यामागं दुसरी डबी जोडली आणि दोन्हीकडचे दिवे बघायला लागलो.

वीज आल्याचा दिवा लागला. दोन्ही डब्या एकमेकींना भेटल्या की लागतो तो दुसरा दिवा काही लागेना.

टोकं बदलली. डब्यांची अदलाबदल केली. काही नाही. मग केबलच्या बाहेरच्या टोकाला काडी आणि जाळी एकत्र पिळून ठेवली आणि आतल्या टोकाला मीटर लावला. तार सलग असेल तर काटा हलतो. काटा हलला नाही. तार मध्ये कुठंतरी तुटलेली होती.

भिंतीतली तार आपोआप तुटत नाही. मी मीटर हातात धरून तसाच उभा राहिलो, आणि सगळं आठवलं.

इमारतीचं काम चाललं होतं. गिलावा करणारे गवंडी माझ्या मागं लागलेले, ठेकेदार जिन्यातून ओरडत होता. माझं केबलचं भेंडोळं संपलं आणि तार दोन हात कमी पडली. नवं भेंडोळं आणायचं तर शहरात जाऊन यावं लागणार. मी एक तुकडा घेतला, काडीला काडी हातानं पिळली, जाळीला जाळी पिळली, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. टीव्ही लागला तेव्हा चित्र ठीक दिसलं. त्या इमारतीत असे चार जोड मी दिले होते. टीव्हीला चालून गेलं, कुणाला कळलं नाही, आणि हळूहळू मीही विसरलो. चौगुल्यांच्या घरातला जोड डबीत दिला होता की पाइपात कोंबला होता, हे काही केल्या आठवेना. पाइपात असेल तर भिंत फोडण्यावाचून मार्ग नव्हता.

आक्काताई दारात उभ्या होत्या. "काय झालं वो? तोंड का असं केलासा?"

"तार तुटलीय."

"कुणी तोडली?"

 बाहेर जाऊन खुर्चीत बसलो. चौगुल्यांनी माझ्यापुढं वही ठेवली आणि वाट बघत उभे राहिले. इमारत जुनी आहे, उंदरानं कुरतडली असेल, असं लिहिता आलं असतं. ऐकू न येणाऱ्या माणसाला फसवणं सोपं असतं असं कुणाला वाटेल, पण ते माझ्या तोंडाकडं बघत होते आणि तोंड वाचणं त्यांना चांगलं जमत होतं. दहा मिनिटं पेन हातात घेऊन बसलो. मग लिहिलं, "जोड माझा आहे. घाईत चुकीचा दिला होता. कुठं आहे ते आठवत नाही. माफ करा."

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले आणि सावकाश लिहायला लागले. त्यांचं अक्षर छापल्यासारखं.

"एका लग्नपत्रिकेत मी नवरीच्या नावातलं एक अक्षर चुकवलं होतं. सगळ्या पत्रिका छापून झाल्यावर दिसलं. मालकांना सांगायला मला दोन तास लागले. तुम्हाला दहा मिनिटं लागली. उठा, शोधू."

त्या 'शोधू'नं मला उभं केलं.

जोडाची डबी असलीच तर मधल्या बोळात, माळ्याच्या खाली कुठंतरी असणार होती. पण इतक्या वर्षांत भिंतीवर पुट्टीचे आणि रंगाचे थरावर थर चढलेले, झाकणाचा मागमूस नाही. अशा वेळी आम्ही पेचकसाची मूठ भिंतीवर ठोकत जातो. भरीव भिंत आणि पोकळ डबी यांचा आवाज वेगळा येतो. मी ठोकत निघालो. पण खालच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक चाललेले, गाणी लावून. त्यात माझे कानही आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. मला सगळी भिंत एकाच आवाजात बोलत होती.

चौगुल्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी डावा तळवा भिंतीवर सपाट टेकवला आणि मला खूण केली, ठोका. मी ठोकलं. ते तळवा चार बोटं पुढं सरकवायचे, मी ठोकायचो. त्यांचे डोळे मिटलेले. शिडीवर एक पायरी ते, एक मी. आक्काताईंनी खाली दोघांची शिडी धरलेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गप्प होत्या.

माळ्याच्या कोपऱ्याजवळ ते थांबले. मान हलवली. परत ठोका. मी ठोकलं. त्यांनी दुसराही तळवा तिथं ठेवला, डोळे उघडले आणि बोटानं भिंतीवर चौकोन काढला. मला तिथंही तसाच आवाज येत होता. पण मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. फटीला ओला टॉवेल लावला. भिंतीवर पाणी शिंपडून पात्यानं हळूहळू रंग खरवडला, पडणारा कण न् कण आक्काताई ओल्या फडक्यात धरत होत्या. पहिला थर पिस्ता, खाली पिवळा, त्याखाली पांढरा, आणि मग पात्याला पत्रा लागला. झाकणाचे दोन स्क्रू.

झाकण निघालं आणि आत माझी काळी चिकटपट्टी. सुकून कडक झालेली. जोड पाइपात नव्हता. डबीत होता. वाईट दिला होता, पण निदान डबीत दिला होता.  'या अल्ला' एवढंच तोंडातून निघालं. पट्टी सोलली तर तांबं हिरवं पडून दोन तुकडे झालेलं. चौगुल्यांनी वाकून बघितलं, माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि खाली उतरून चहा ठेवायला गेले.

जोड कापला, दोन्ही बाजूंनी तार सोलली, पितळी टोकं बसवली आणि मधल्या नळीत आट्या घट्ट आवळल्या. पाच मिनिटांचं काम. तेव्हा केलं असतं तर तेव्हाही पाचच मिनिटं लागली असती, असं मला आता वाटतं. भेंडोळं आणायला मात्र गेलो असतो तर गवंड्यांच्या शिव्या खाल्ल्या असत्या, एवढंच.

आत जाऊन डबी लावली. पहिला दिवा. दुसरा दिवा. आक्काताई ओरडल्या, "लागला की वो!" आणि लगेच शालनताईंना दोन्ही हात वर करून दाखवायला लागल्या.

फोनवरचं चित्र टीव्हीवर मोठं दिसेल अशी जोडणी करून दिली, फोन त्यांच्यासमोर उभा केला. संध्याकाळचे सहा वाजले असतील. सुजाता दवाखान्याच्या पलंगावर बसलेली दिसली. हात उठले, आणि मध्ये कुठंही न थांबता चालत राहिले. शालनताईंनी काहीतरी कडक विचारलं असावं, कारण मुलगी आधी हसली, मग तिचे हात मंदावले, आणि मग ती रडली. आईचे हात मात्र स्थिर. बराच वेळ त्या सांगत राहिल्या. मला एक अक्षर कळलं नाही. तिथं उभं राहणं बरं दिसेना म्हणून मी बाहेर येऊन हत्यारं आवरली. जाताना आक्काताई म्हणाल्या, "भाकरी मागितली बाईनं."

गुरुवारी माझं तिथं काही काम नव्हतं. तरी अकरा वाजता जुबेदाला म्हणालो, "जरा सिग्नल बघून येतो." ती म्हणाली, "व्हय, या बघून. आन् आल्यावर मला सांगा, पोरगी कशी हाय."

गेलो. चौगुले पलंगाशेजारी बसलेले, शालनताईंचा हात हातात. आक्काताई दाराशी. टीव्हीवर दवाखान्याची रिकामी भिंत दिसत होती. जावयानं फोन चालू ठेवून टेबलावर उभा केला होता. त्या रिकाम्या भिंतीकडं आम्ही चौघं किती वेळ बघत बसलो होतो, सांगता येत नाही. मी मधूनमधून त्या दुसऱ्या दिव्याकडं बघत होतो. माझ्या जोडावर माझा अजून पुरता विश्वास बसला नव्हता.

दुपार झाली. पडद्यावर पलंग सरकत आला. सुजाताचे डोळे अर्धे मिटलेले, डाव्या हाताला सलाईन. जावयानं फोन जवळ नेला. शालनताईंनी दोन्ही हात उचलले आणि काहीतरी विचारलं. तिकडून उत्तर येईना. मग मुलीनं उजवा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि एकाच हातानं, अडखळत, थोडंसं काहीतरी सांगितलं. एक बोट, मग मूठ, मग हात पोटाकडं आणि तोंडाकडं.

शालनताईंनी उशीवर मान टाकली आणि त्या हसायला लागल्या. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं, मोठं, खणखणीत. आक्काताई माझा दंड धरून हलवत होत्या, "काय म्हंतीया? अवो, काय म्हंतीया ती?"

मी चौगुल्यांकडं बघितलं. त्यांनी घाईनं वही ओढली, ती खाली पडली. मी उचलून दिली. त्यांनी लिहिलं, आणि वही आम्हा दोघांना दिसेल अशी उभी धरली.

"गाठ काढली. साधीच होती. विचारते आहे, घरी आज जेवायला काय आहे."